गोलित्सिन एक नव्हे, अनेक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत रशियातल्या गोलित्सिन सरदार घराण्यावरचा लेख वाचला. मराठीत हा विषय सहसा कोणी हाताळत नाही, म्हणून लेख आला हेच बरं वाटलं. पण त्यात तीन चुका अशा आहेत की त्या तशाच राहिल्या तर पुढचा लेखक त्याच उचलील. गोलित्सिन ही रोमानोव्ह राजघराण्याची शाखा होती, ही पहिली. १६१० मध्ये पोलंडकडे पाठवलेला वकील वासिली वासिलियेविच गोलित्सिन आणि १६८९ मध्ये हद्दपार झालेला वासिली वासिलियेविच गोलित्सिन हा एकच माणूस, ही दुसरी. तो एकच असता तर सव्वाशेहून अधिक वर्षं जगला असता. आणि मूळचे लिथुआनियन असल्यामुळे हे लोक मॉस्कोत शेवटपर्यंत परके राहिले, ही तिसरी. तिसरी चूक सगळ्यांत मोठी, कारण तिच्यामुळे हे घराणं पाचशे वर्षं कसं टिकलं याचं उत्तरच हुकतं.

आधी मूळ पाहू. लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक गेदिमिनास १३४१ मध्ये वारला. त्याच्या अनेक मुलांपैकी एक नरिमांतास. नोव्हगोरोद या व्यापारी गणराज्यानं १३३३ मध्ये त्याला संरक्षक सरदार म्हणून बोलावलं. तो ऑर्थोडॉक्स बाप्तिस्मा घेऊन ग्लेब झाला होता. लादोगा, ओरेशेक आणि कोरेला ही ठाणी आणि कोपोर्येचा निम्मा भाग त्याला खर्चासाठी लावून दिला. चाकरी त्यानं फारशी नीट केली नाही. १३३८ मध्ये स्वीडिशांशी झुंज लागली तेव्हा नोव्हगोरोदनं निरोपावर निरोप पाठवले आणि हा लिथुआनियातून हललाच नाही. १३४८ मध्ये स्ट्रेवा नदीकाठी ट्यूटॉनिक नाइट्सशी लढताना तो पडला. गोलित्सिनांच्या कुलचिन्हात वर लिथुआनियाचा तलवारधारी घोडेस्वार आहे आणि खाली नोव्हगोरोदचं सिंहासन, त्याच्या दोन बाजूंना दोन अस्वलं. ती अस्वलं या १३३३ च्या नेमणुकीची आठवण आहेत.

त्या काळचा ‘लिथुआनियन’ म्हणजे आजच्या अर्थानं परदेशी, असं समजू नये. लिथुआनियाच्या ग्रँड डचीत बहुसंख्य प्रजा पूर्व स्लाव्ह होती, दरबारी कागद रुथेनियन (आजच्या बेलारूस-युक्रेनकडच्या जुन्या स्लाव्ह) भाषेत लिहिले जात आणि गेदिमिनासच्या वंशातले बरेच जण ऑर्थोडॉक्स झाले होते. असा सरदार मॉस्कोत आला की धर्म बदलावा लागत नसे, भाषा शिकावी लागत नसे. बदलायचा तो फक्त धनी.

नरिमांतासचा मुलगा पात्रिकेय आणि त्याचा युरी. हा युरी पात्रिकेयेविच पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला मॉस्कोच्या चाकरीत आला आणि ग्रँड प्रिन्स पहिल्या वासिलीच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. या एका सोयरिकीनं तो मॉस्कोच्या जुन्या सरदारांच्या पंगतीत वरच्या पाटावर गेला. त्याचा सख्खा थोरला भाऊ फ्योदोर खोवान्स्की मात्र खालीच राहिला. जुन्या मानपानाच्या कागदांत एक किस्सा आहे. एका लग्नात फ्योदोर साबुर नावाचा सरदार खोवान्स्कीच्या वर जाऊन बसला. खोवान्स्की म्हणाला, ‘माझ्या धाकट्या भावाच्या, युरीच्या वर बसून दाखव.’ साबुरचं उत्तर असं, की त्याच्या किकेत देव आहे, तुझ्या किकेत नाही. किका म्हणजे विवाहित बाईचं शिरोभूषण. मतलब उघड आहे: त्याची बायको राजकन्या, तुझी नाही. पुढं प्रसिद्ध झालेले खोवान्स्की ते याच फ्योदोरचे वंशज, म्हणजे गोलित्सिनांचे थोरल्या पातीचे भाऊबंद.

आता हे मानपानाचं तंत्र, कारण त्याशिवाय पुढचं काही कळत नाही. मॉस्कोत त्याला मेस्त्निचेस्त्वो म्हणत. सैन्याच्या पाच तुकड्या असत: मोठी, उजवी, आघाडीची, पिछाडीची राखणदार आणि डावी. प्रत्येकीवर दोन-तीन सेनापती. कोण कोणाच्या हाताखाली जाणार हे लढाईतल्या कर्तबगारीवर ठरत नसे. दोन हिशेब होत. पहिला घरातला, तो वडीलधारेपणाचा. त्यात थोरल्या भावाचा पहिला मुलगा चौथ्या काकाच्या बरोबरीचा धरत. दुसरा हिशेब दोन घराण्यांमधला. त्यासाठी नेमणुकांच्या दफ्तरातून दाखले काढायचे, की तुझा आजा माझ्या आज्याच्या हाताखाली अमुक मोहिमेत होता. एखाद्यानं कमी जागा मुकाट्यानं घेतली तर तो दाखला साऱ्या कुळाच्या माथी बसे. म्हणून माणसं बक्षीस सोडत, तुरुंगात जात, पण जागा सोडत नसत. खोटा दावा करणाऱ्याला ‘डोक्यासकट हवाली’ करत: त्यानं पायी प्रतिपक्षाच्या वाड्याच्या अंगणात जाऊन मान खाली घालून उभं राहायचं आणि प्रतिपक्षानं तोंडाला येईल ते बोलायचं.

युरीच्या नातवंडांत हे घराणं कसं टिकलं त्याचा पहिला नमुना दिसतो. युरीचा मुलगा इव्हान पात्रिकेयेव हा तिसऱ्या इव्हानचा आतेभाऊ आणि दरबारातला सर्वांत वजनदार माणूस. १४९९ मध्ये त्याच्यावर राजाची खप्पामर्जी झाली. जावयाचं, सिम्योन र्यापोलोव्स्कीचं, मॉस्को नदीवर डोकं उडवलं. खुद्द इव्हानला आणि मुलगा वासिलीला सक्तीनं संन्यासी केलं. ती पाती तिथंच संपल्यात जमा. आणि लगेच पुढच्या वर्षी, १४ जुलै १५०० रोजी, वेद्रोशा नदीकाठी लिथुआनियाच्या फौजेचा धुव्वा उडवणारा मॉस्कोचा सेनापती कोण? त्याच इव्हानचा पुतण्या दनिल श्चेन्या. या मोहिमेत युरी झाखार्यिच या मातब्बर सरदारानं राखणदार तुकडी घ्यायला नकार दिला, कारण तसं केलं तर आपण दनिलची राखण करतो असं दिसेल. तिसऱ्या इव्हाननं कळवलं, की तू दनिलची राखण करत नाहीस, माझी आणि माझ्या कामाची करतोस. राजानं लिहिलं म्हणून भागलं. एरवी लढाई त्यावरच अडली असती.

वेद्रोशाला पकडला गेला तो लिथुआनियाचा हेतमान, म्हणजे सरसेनापती, कोन्स्तांतिन ओस्त्रोझ्स्की. हा स्वतः रुथेनियन ऑर्थोडॉक्स. वोलोग्दाला कैदेत राहिला, मॉस्कोच्या चाकरीची शपथ घ्यायला लावली गेली आणि १५०७ मध्ये निसटला. सात वर्षांनी, ८ सप्टेंबर १५१४ रोजी, ओर्शाला त्यानं मॉस्कोच्या मोठ्या फौजेला धूळ चारली आणि दोन्ही मुख्य सेनापती जिवंत धरले. त्यांतला एक मिखाईल इव्हानोविच बुल्गाकोव्ह, दनिल श्चेन्याचा सख्खा पुतण्या. काकानं ज्याला धरलं त्यानं पुतण्याला धरलं. लिथुआनियाच्या राजवंशातला मॉस्कोचा सेनापती आणि त्याच्यासमोर लिथुआनियाचा रुथेनियन सेनापती, अशी ही लढाई. ‘परके’ हा शब्द इथं कोणाला लावायचा? हार का झाली, तर मिखाईल आणि इव्हान चेल्यादनिन या दोन सेनापतींत वरचा कोण यावरून तेढ होती. मिखाईलनं हल्ला केला तेव्हा चेल्यादनिन पाहत उभा राहिला. ही गोष्ट लिहून ठेवली ती ऑस्ट्रियाचा वकील हेर्बेरश्टाइन यानं, जो १५१७ मध्ये विल्नाला या कैद्यांना भेटला होता. मिखाईल जवळपास चार दशकं कैदेत राहिला.

या मिखाईलचं टोपणनाव गोलित्सा, म्हणजे कातडी हातमोजा. त्याचे वंशज गोलित्सिन. त्याच्या भावाचं टोपणनाव कुराका. त्याचे वंशज कुराकिन. काका श्चेन्या, त्याचे श्चेन्यातेव. सगळे एकाच रक्ताचे, आडनावं वेगवेगळी. खोवान्स्की, गोलित्सिन आणि कुराकिन यांना तीन स्वतंत्र घराणी धरून लिहिलं की पुढची सगळी नाती चुकतात. त्रुबेत्स्कॉय मात्र दूरचे: तेही गेदिमिनासचेच, पण त्याच्या अल्गिर्दास या दुसऱ्या मुलाच्या वंशातले.

रोमानोव्हांबद्दल थोडक्यात. ते गेदिमिनासच्या वंशातले नाहीत, रशियाचा जुना राजवंश ज्याच्यापासून मोजतात त्या रुरिकच्याही नाहीत. मॉस्कोच्या जुन्या, बिनउपाधीच्या सरदारकुळांपैकी एक. १६१० मध्ये झार शुइस्कीला खाली ओढल्यावर सात बोयारांनी, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीच्या सरदारांनी, कारभार हाती घेतला. त्या सातांत म्स्तिस्लाव्स्की, त्रुबेत्स्कॉय आणि गोलित्सिन हे तीन जण गेदिमिनासचे वंशज, आणि रोमानोव्ह एक. गादीसाठी तेव्हा ज्यांची नावं पुढं होती त्यांत एक होता वासिली वासिलियेविच गोलित्सिन, दुसरा कोवळा मिखाईल रोमानोव्ह. गोलित्सिन पोलंडच्या राजाकडे वकिलातीवर गेला, तिथं अडकवला गेला, आणि १६१९ मध्ये मॉस्को पुन्हा न पाहताच वारला. १६१३ मध्ये मिखाईल झार झाला. प्रतिस्पर्ध्याला शाखा म्हणणं म्हणजे कहरच. हा झाला पहिला वासिली. त्याला मागं मूल नव्हतं.

पुढचे सगळे गोलित्सिन आंद्रेय आंद्रेयेविच (मृत्यू १६३८) या एकाच पुरुषापासून. त्याचे चार मुलगे वासिली, इव्हान, अलेक्सेय आणि मिखाईल यांच्या चार पात्या. इव्हानची पाती अठराव्या शतकात खुंटली, तीन चालल्या. पात्या इतक्या फुटण्याचं कारण जमिनीत आहे. रशियात जमीन दोन प्रकारची: वोत्चिना, म्हणजे वंशपरंपरेची, आणि पोमेस्त्ये, म्हणजे चाकरीबद्दल दिलेली. आपल्याकडच्या वाचकाला वतन आणि सरंजाम म्हटलं की पुष्कळसं कळेल. दोन्हींत थोरल्याला सगळं असा कायदा नव्हता. वोत्चिना सगळ्या मुलांत वाटली जाई. चार मुलगे, त्यांचे चार-चार, की तिसऱ्या पिढीत ‘राजवंशी’ माणसाकडे दोन-चार गावं उरत. मग खाणार काय? चाकरी. पीटर द ग्रेटनं मार्च १७१४ मध्ये हुकूम काढला की स्थावर एकाच मुलाला द्यावं आणि बाकीच्यांनी नोकरीनं पोट भरावं. सरदारांनी तो धाब्यावर बसवला: बाप कर्ज काढून धाकट्यांना रोकड देत, शेतीची अवजारं आणि गुरं एकाला आणि जमीन दुसऱ्याला देत, म्हणजे दोघांचीही शेती बसे. १७३१ मध्ये हुकूम मागं घेतला आणि वाटण्या पुन्हा सुरू झाल्या. भाऊबंदकीनं घराणी बुडतात असं आपण ऐकतो. गोलित्सिन माझ्या मते भाऊबंदकीनं तरले, कारण एकाच वेळी दोन पक्षांत त्यांचा एक-एक माणूस असे.

आता दुसरा वासिली वासिलियेविच (१६४३–१७१४), लेखातला खरा नायक. १२ जानेवारी १६८२ रोजी मेस्त्निचेस्त्वो रद्द झालं ते याच्याच अध्यक्षतेखालच्या मंडळाच्या शिफारशीनं. मानपानाच्या कज्जांचे कागद जाळले गेले. पीटर लहान असताना कारभार पाहणारी त्याची सावत्र बहीण सोफिया हिच्या कारकिर्दीत परराष्ट्र खातं त्याच्याकडे आलं. पोलंडशी १६८६ चा कायमचा तह त्यानं केला, ज्यात १,४६,००० रूबल मोजून कीव मॉस्कोकडे कायम झालं. तहाची दुसरी बाजू अशी, की तुर्कांविरुद्धच्या आघाडीत येऊन क्रिमियावर चाल करायची. तिथं तो फसला.

लेखात ‘भेकडपणामुळे मोहीम फसली’ असं आहे. ते खरं नाही, मोहीम दाणावैरणीवर फसली. १६८७ च्या मे महिन्यात लाखाच्या आसपास फौज निघाली, पुढं युक्रेनचे कझाक (कॉसॅक) मिळाले. क्रिमियाच्या टाटारांच्या घोडदळाची भीती म्हणून सगळी फौज सुमारे २०,००० गाड्यांच्या प्रचंड चौकोनात चालत होती. असा चौकोन सगळ्यांत मागच्या बैलाच्या चालीनं सरकतो. रोजची मजल दहा किलोमीटरच्या आसपास. ओढ्यावर पोचलं की सगळ्यांनी ओलांडेपर्यंत थांबायचं. माणसांचं धान्य गाड्यांवर होतं, पण घोड्यांचा चारा गवताळ माळावरच मिळणार होता. जूनच्या मध्यात टाटारांनी माळ पेटवला. राखेतून चालताना घोडी कोसळू लागली, पाणी मिळेना, आणि क्रिमियाच्या तोंडाशी असलेलं पेरेकोप अजून बरंच पुढं असताना १७ जूनला माघारीचा निर्णय झाला. खापर कझाकांचा हेतमान सामोयलोविच याच्यावर फोडलं, आणि त्याच्या जागी निवडला कोण, तर माझेपा. तोच पुढं पीटरविरुद्ध स्वीडिशांना जाऊन मिळाला.

१६८९ मध्ये गोलित्सिननं उपाय केला: गवत वाळून पेट घ्यायच्या आधीच, वसंतात निघायचं. हे जमलं. मेच्या मध्यात टाटारांचे हल्ले तोफांनी परतवले आणि २० मे रोजी फौज पेरेकोपला पोचली. समोर संयोगभूमी आरपार कापणारा खंदक आणि तट, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सिवाशचं खारं डबकं. गोडं पाणी नाही, गवत तुडवलेलं. तट घेतला असता तरी पलीकडेही तशीच कोरडी जमीन. दुसऱ्या दिवशी परत फिरला. चूक टाटार वाटाघाटीत नमतील या आशेची होती आणि पाण्याचा बंदोबस्त न करता निघण्याची होती, रणांगणावरची नव्हती. खरा दोष त्यापुढं: मॉस्कोत हाच प्रकार विजय म्हणून साजरा करू दिला. सतरा वर्षांच्या पीटरला ते सहन झालं नाही.

त्याच उन्हाळ्यात सोफिया पडली. वासिलीची बोयारकी आणि मालमत्ता गेली, तो उत्तरेला आधी कार्गोपोल, मग आणखी वर, शेवटी पिनेगा नदीकाठी, आणि तिथंच १७१४ मध्ये वारला. डोकं मात्र वाचलं. कोणामुळे? पीटरच्या छावणीत सल्लागार म्हणून बसला होता बोरिस अलेक्सेयेविच गोलित्सिन, वासिलीचा सख्खा चुलतभाऊ, अलेक्सेयच्या पातीचा. शत्रुपक्षातल्या भावाचा खटला सौम्य व्हावा म्हणून त्यानं इतकी धडपड केली की पीटरच्या आईकडची मंडळी त्याच्यावरच संशय घेऊ लागली. मॉस्कोजवळ दुब्रोवित्सीला घुमटाऐवजी मुकुट असलेलं जे चर्च आहे ते या बोरिसनं बांधलं. तोही १७१४ मध्येच वारला. १४९९–१५०० चाच प्रकार, पुन्हा एकदा.

तिसरा प्रयोग मिखाईलच्या पातीत झाला. दिमित्री मिखाईलोविच (१६६५–१७३७) हा विद्वान माणूस. अर्खांगेल्स्कॉये इथं त्याचं हजारो पुस्तकांचं ग्रंथालय होतं. जानेवारी १७३० मध्ये दुसरा पीटर निपुत्रिक मेला तेव्हा सर्वोच्च गुप्त मंडळानं कुरलँडची डचेस आन्ना हिला गादी देऊ केली, पण अटींवर. अटी मुख्यतः दिमित्रीच्या: मंडळाच्या संमतीशिवाय लढाई किंवा तह करायचा नाही, नवे कर बसवायचे नाहीत, कर्नलच्या वरच्या नेमणुका करायच्या नाहीत, चौकशीशिवाय सरदाराचा जीव किंवा जमीन घ्यायची नाही, लग्न करायचं नाही, वारस नेमायचा नाही. कुरलँडमधल्या मिताउला आन्नानं सही केली. २५ फेब्रुवारीला मॉस्कोत सगळ्यांसमोर तो कागद फाडला.

हे का फसलं ते लेखात ‘जनतेला झारशाही हवी होती’ एवढ्यावर उरकलं आहे. मुळात अंकगणित पाहावं. मंडळ आठ जणांचं. त्यांत दोन गोलित्सिन आणि चार दोल्गोरुकोव्ह. दुसऱ्या पीटरच्या लग्नासाठी मॉस्कोत जमलेल्या शेकडो लहान-मोठ्या सरदारांना दिसलं ते एका मालकाऐवजी दोन घराण्यांचं राज्य. दिमित्रीकडे त्यांच्यासाठीही मसुदा होता, पण तो बाहेर काढायला उशीर झाला आणि अटी मात्र गुपचूप पाठवल्याचं फुटलं. शिवाय गार्ड पलटणी हाताशी नव्हत्या. आन्नानं मॉस्कोबाहेर पोचताच स्वतःला प्रेओब्राझेन्स्की पलटणीचं कर्नल जाहीर केलं. मंडळातला ओस्टरमन आजाराचं सोंग घेऊन घरी पडून राहिला आणि तिथून सूत्रं हलवत राहिला. दिमित्रीला लगेच हात लावला नाही. १७३६ मध्ये एका वारसाच्या दाव्यातलं निमित्त करून धरलं, मृत्युदंड सुनावून श्लिस्सेलबुर्गच्या किल्ल्यात कैदेत टाकलं आणि तिथं तो काही महिन्यांत वारला.

आन्नाच्या सूडाचा दुसरा बळी मिखाईल अलेक्सेयेविच, हद्दपार वासिलीचा नातू. परदेशात कॅथलिक होऊन इटालियन बाई केली म्हणून त्याला दरबारी विदूषक केलं, कसलाही मान न ठेवता क्वास (आंबवलेलं पेय) वाढायला लावलं, आणि फेब्रुवारी १७४० मध्ये कल्मिक दासीशी त्याचं लग्न लावून जोडप्याला नेव्हाकाठच्या बर्फाच्या घरात रात्र काढायला लावली. घर सुमारे १७ मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद, साडेसहा मीटर उंच. लाद्या पाणी ओतून सांधलेल्या. बांधणारा वास्तुकार येरोपकिन, मोजमापं लिहून ठेवणारा अकादमीचा क्राफ्ट. दोघं वाचली. मिखाईल १७७५ पर्यंत जगला. आणि मिखाईलच्या पातीतला दिमित्रीचा धाकटा भाऊ १७५६ मध्ये अॅडमिरल-जनरल झाला!

या शेवटच्या भावापाशी आपल्या चित्राची चूक आहे. दिमित्रीचा बाप मिखाईल आंद्रेयेविच, त्याला मिखाईल नावाचे दोन मुलगे होते. हो, दोघंही मिखाईल मिखाईलोविच गोलित्सिन. थोरला (१६७५–१७३०) फील्ड मार्शल, १७०८ मध्ये लेस्नायाला आणि १७२० मध्ये ग्रेनगामला स्वीडिशांशी लढलेला, मंडळातला दुसरा गोलित्सिन. धाकटा (१६८४–१७६४) आरमाराचा. आपण चित्र एकाचं छापलं आणि मजकूर दुसऱ्याचा. अशी गल्लत युरोपातल्या संग्रहालयांतही होते, म्हणून पारखण्याची पद्धत इथं देतो.

नाव कधीही दुपदरी लिहू नये, मधलं पितृनाव असलंच पाहिजे. पितृनाव जुळलं तरी थांबू नये. ते दोन्ही वासिलींत जुळतं, दोन्ही मिखाईलांत जुळतं. जन्ममृत्यूची सालं आणि आज्याचं नाव पाहावं, म्हणजे पाती ठरते. मग हुद्दा. २४ जानेवारी १७२२ च्या चौदा पायऱ्यांच्या हुद्द्यांच्या तक्त्यानंतर जन्मानं मिळालेली उपाधी आणि चाकरीतला हुद्दा वेगळे झाले, आणि एखादा गोलित्सिन उपाधीनं राजवंशी असूनही हुद्द्यानं साधा कप्तान असे. बायकांच्या बाबतीत माहेर तपासावं. पुश्किनच्या ‘हुकमाची राणी’तल्या म्हाताऱ्या काउंटेसचा नमुना मानली जाते ती नताल्या पेत्रोव्ना गोलित्सिना माहेरची चेर्निशेव, तिच्यात गेदिमिनासचं रक्त शोधणं व्यर्थ. मॉस्कोचा दोन दशकांहून जास्त काळ गव्हर्नर-जनरल असलेला दिमित्री व्लादिमिरोविच हा तिचा मुलगा.

तारखांचा घोळ वेगळा. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून १७०० पर्यंतच्या कागदांत वर्ष सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेलं आणि १ सप्टेंबरला सुरू होणारं असतं. सप्टेंबर ते डिसेंबरच्या तारखेतून ५५०९ वजा करावे, जानेवारी ते ऑगस्टच्या तारखेतून ५५०८. ओर्शाची लढाई ७०२३ सालातली, म्हणजे १५१४. सरसकट ५५०८ वजा केले की १५१५ येतं आणि ही चूक नेहमी दिसते. १९१८ पर्यंत जुनी ज्युलियन तारीख चालू होती: नव्या पद्धतीसाठी सतराव्या शतकात दहा दिवस मिळवायचे, अठराव्यात अकरा, एकोणिसाव्यात बारा, विसाव्यात तेरा. बेथोव्हेनच्या ‘मिस्सा सोलेम्निस’चा पहिला संपूर्ण प्रयोग पीटर्सबर्गमध्ये २६ मार्च १८२४ ला झाला आणि ७ एप्रिललाही झाला, असं लिहिलेलं आढळतं, दोन्ही एकच दिवस. तो प्रयोग घडवून आणणारा निकोलाय बोरिसोविच गोलित्सिन, चेलोवादक. बेथोव्हेनकडून तीन चतुष्टकं (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) त्यानं १८२२ मध्ये मागवली होती. पैसे मात्र बेथोव्हेनला हयातीत पुरते मिळाले नाहीत.

युरोपीय भाषांतल्या लिपीमुळे गॅलिट्झिन, गॅलिझिन, गालित्सिन अशी रूपं येतात. भूकंपशास्त्रातला गॅलिट्झिन भूकंपमापक आणि ही सरदारमंडळी एकच घर. बोरिस बोरिसोविच गोलित्सिननं (१८६२–१९१६) १९०६ मध्ये लंबकाला तारेचं वेटोळं जोडून ते चुंबकांच्या मध्ये ठेवलं. जमीन हलली की वेटोळ्यात विद्युतप्रवाह, तो आरशाच्या गॅल्व्हानोमीटरला, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या यंत्राला, आणि प्रकाशाचा ठिपका छायाचित्राच्या कागदावर. आधीच्या यंत्रांत सुई काजळी धरलेल्या कागदाला घासे आणि बारीक हादरे त्या घर्षणातच जिरत. इथं घासणारं काही उरलं नाही. पेनसिल्व्हेनियातलं गॅलिट्झिन हे गावही याच घराण्याचं नाव घेऊन आहे: हेगमधल्या रशियन वकिलाचा मुलगा दिमित्री तिथं कॅथलिक पाद्री होता.

लेखात शेवटचा गोलित्सिन म्हणून १९१७ च्या पंतप्रधानाचा उल्लेख आहे. निकोलाय दिमित्रियेविच हा झारचा शेवटचा पंतप्रधान खरा, दोन महिन्यांचा. मला हे पद नको म्हणून त्यानं विनवलं होतं. १९२५ मध्ये लेनिनग्राडला त्याला गोळी घातली. पण शेवटचा गोलित्सिन तो नव्हे. घराणं आजही आहे, रशियात आणि बाहेर.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी ही विनंती. जागा कमी असेल तर बाकी सोडा, पण दोन वासिलींची सालं आणि दोन मिखाईलांच्या चित्राखालचा मजकूर एवढं अवश्य घ्यावं.

आपला विश्वासू,
पूर्व युरोपच्या इतिहासाचा एक अभ्यासक, पुणे